सुपारी, बिदागी आणि बिनशब्दांची खंजेरी

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. मावसभावाचा परवा फोन आला, "ताई, तुझं दुकान बंद पडलं का?" बंद नाही पडलं, फक्त मालक गावाला गेली होती. गाव म्हणजे आमचं दर्यापूरजवळचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि माणसं मात्र गोड, असं आमचे बाबा म्हणायचे. बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून गेले होते. तिथे जे काही घडलं त्यामुळे डोक्यात एक जुनाच प्रश्न घोळायला लागला, आणि तो थोडा इतिहासात शिरल्याशिवाय सुटेना. म्हणून ही पोस्ट जरा लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

आधी एका शब्दाबद्दल. वाजंत्रीवाले, बँडवाले, तमाशाचा फड, संदलवाले यांना कार्यक्रम ठरवून द्यायचा म्हणजे 'सुपारी द्यायची'. विडा-सुपारी हातात ठेवली की सौदा पक्का. त्याबरोबर थोडे पैसे आगाऊ दिले तर तो इसार. कार्यक्रम झाल्यावर जे मिळतं ती बिदागी. पुढे मुंबईच्या टोळ्यांनी सुपारी हा शब्द पळवून नेला आणि आता कुणी "सुपारी घेतली" म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात. पण मूळचा शब्द वाजवणाऱ्यांचा. वाजवून घेण्यासाठी आपल्या भाषेत इतके शब्द आहेत आणि 'नवीन काहीतरी रचून दे, त्याचे पैसे देतो' यासाठी मात्र एकही सुटसुटीत शब्द नाही, हे माझ्या लक्षात आलं ते या वेळी.

कारण आम्ही नेमकं तेच केलं होतं.

बाबा चाळीसएक वर्षं गावच्या गुरुदेव भजनी मंडळात खंजेरी वाजवायचे. त्यांच्या वर्षश्राद्धाला मंडळाचं भजन तर होणारच होतं. पण माझ्या चुलतभावाचा मुलगा पुण्यात तबला शिकतो, शिकवतोही. आमच्यापैकी कुणाच्या तरी डोक्यात आलं (कुणाच्या ते सांगत नाही, नंतर भांडणात ते नाव बरंच उच्चारलं गेलं) की त्याच्याकडून फक्त खंजेऱ्यांसाठी एक नवी रचना बसवून घ्यायची. नऊ खंजेऱ्या, शब्द नाहीत, पेटी नाही. विषय, शकुंतला एक्सप्रेस. बाबा तरुणपणी बनोसा स्टेशनावरून मूर्तिजापूरला कापसाच्या बाजारात जायचे ते याच गाडीने. पुतण्याने अकरा हजार सांगितले. आठ दिवस गावात राहून बसवून देतो म्हणाला.

आणि मंडळातले सगळ्यात जुने वादक, आमचे काकाजी, पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "शब्द नाई त खंजेरी कायले वाजवाची गा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काकाजींच्या बाजूने उभा राहिलेला इतिहास मोठा आहे.

वऱ्हाडात चामडं ताणलेलं वाद्य म्हणजे आधी जात विचारणारं वाद्य होतं. देवळातलं वाजवणं गुरवाकडे, आणि हलगी-डफडं मातंग आणि महार समाजाच्या वाट्याला. लग्नात, पोळ्याला, मरणात वाजवायचं, आणि ते कौशल्य म्हणून नव्हे तर बलुत्यातलं काम म्हणून. वाजवणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती आणि त्याला बिदागीही नव्हती, मिळायचं ते पसाभर धान्य किंवा शिळंपाकं. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. त्यानंतरच्या काळात मेलेली जनावरं ओढणं नाकारण्याबरोबरच ठिकठिकाणी लोकांनी डफडं वाजवणंही नाकारलं. म्हणजे एक समाज आपला ताल मुद्दाम खाली ठेवतो, कारण तो ताल त्याच्याकडून फुकटात वसूल केला जात होता. वाद्यांचा इतिहास लिहिणारे घराण्यांच्या वंशावळी देतात, या नकाराबद्दल क्वचितच लिहितात. मला तर आपल्या भागातल्या तालवाद्यांच्या इतिहासातली ती सगळ्यात मोठी घटना वाटते. पुढे याच लोकांनी जलशांमधून डफ-ढोलकी पुन्हा हातात घेतली, पण तेव्हा स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या शब्दांसाठी.

दुसऱ्या टोकाला कापसाचा पैसा. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, जिनिंग आले, आणि त्यामागोमाग नाटक कंपन्या आल्या. पैसा कुठे आहे याचा वास नाटकवाल्यांना लवकर लागतो. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तर 'वऱ्हाडचे नवाब' म्हणूनच ओळखले जात, वकिलीत कमवायचं आणि गाणंबजावणं, पाहुणे, राजकारण यांवर उधळायचं. अशा बैठकीत तबलजीला बिदागी मिळायची खरी, पण तीही साथीची. नवी रचना तो करायचा ती त्याची घरची इस्टेट. फर्रुखाबाद घराण्याच्या हाजी विलायत अलींबद्दल सांगतात की लखनौच्या बक्शू खाँच्या मुलीशी लग्न झालं तेव्हा त्यांना हुंड्यात गती मिळाल्या. गती! तबल्याच्या रचना! सोनं-नाणं नव्हे. खरं-खोटं देव जाणे, पण ही गोष्ट टिकून राहिली यावरूनच कळतं की त्या जगात रचनेला किंमत होती, फक्त ती बाजारात नव्हती. ती मुलाला, जावयाला, फार तर जिवाभावाच्या शिष्याला मिळायची.

एकीकडे रचना तिजोरीत आणि दुसरीकडे वाजवणं वेठीला. खंजेरी या दोन्हींच्या मधून निसटली.

खंजेरी मुळात फिरत्या माणसाचं वाद्य. फकीर, गोसावी, बैरागी. लाकडाचं वीतभर कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कड्याच्या खाचांमध्ये पितळी चकत्या. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची, तोंड गायला मोकळं आणि पाय चालायला मोकळे. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, त्याला आवाज वेगळाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गुन्ह्यात मोडतं, आणि ते योग्यच झालं. मग शेळीचं कातडं, आणि आता प्लॅस्टिकचं पान. बाबांची जुनी खंजेरी पावसाळ्यात ढिली पडायची. भजनाआधी शेकोटीवर धरून तिला तापवायची, मग अंगठ्याने टिचकी मारून कान लावून ऐकायचं. आम्हा मुलींना ती हातात घ्यायची परवानगी नव्हती. शेकायला मात्र आम्हालाच बसवायचे!

ही खंजेरी वऱ्हाडात घराघरात गेली ती एका माणसामुळे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा माणिक बंडोजी इंगळे, जन्म ३० एप्रिल १९०९. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या म्हटलं आणि जगाने तुकडोजी महाराज. शाळा फार झाली नाही. शिक्षण झालं ते भजनात, भटकंतीत आणि जंगलात.

मी भाविक नाही हे आमच्या घरच्या वाचकांना माहीत आहे, त्यांनी यावर माझ्याशी भांडून झालेलं आहे. पण तुकडोजी महाराजांकडे संगीतकार म्हणून कुणी बघत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. ग्रामगीतेवर पीएचड्या होतात, ग्रामविकासाच्या विचारांवर परिसंवाद होतात. हातातली खंजेरी मात्र पुतळ्यापुरती. त्या माणसाने नेमकं काय केलं ते पहा. कीर्तनाला नारदीय परंपरेत तबला-पेटी लागते, वारकऱ्यांना मृदंग आणि टाळकरी लागतात. म्हणजे माणसं जमवा, शिकलेला मृदंगी शोधा. यांनी हे सगळं एका वाद्यावर आणलं. बहुतेक भजनं केरव्यात नाहीतर दादऱ्यात, चाल अशी की दुसऱ्यांदा ऐकताना तोंडात बसते, आणि ठेका असा की गावातल्या कुणालाही आठ दिवसांत जमावा. विषय काय, तर गावसफाई, दारू, सावकारी, अस्पृश्यता, प्रार्थना, देश. भजनं स्वतः रचायचे, मराठीत आणि हिंदीतही, आणि ती रचायला त्यांना कुणी सुपारी दिली नव्हती. समोरच्या गावाला ज्याची गरज ते भजन.

१९३५ मध्ये सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला आणि त्याच सुमारास मोझरीला, अमरावती-नागपूर रस्त्यावर, गुरुकुंज उभं राहिलं. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा सेवाग्रामचं नाव अजून शेगावच होतं. महिनाभर ते तिथे राहिले.

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. मार्च १९३३ मध्ये न्यूयॉर्कला एडगार व्हारेझ नावाच्या संगीतकाराची 'आयोनिझेशन' ही रचना पहिल्यांदा वाजवली गेली. तेरा वादक, ढोल, झांजा, घंटा, चक्क भोंगे, आणि सूर जवळजवळ नाहीतच. पाश्चात्य मैफिलीच्या संगीतात नुसत्या तालवाद्यांना पुढच्या रांगेत बसवणाऱ्या पहिल्या रचनांमध्ये तिची गणना होते. पुढे १९६२ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गला सहा तालवादकांचा एक ताफा निघाला आणि त्यांनी संगीतकारांना सांगून सांगून आपल्यासाठी नव्या रचना लिहून घेतल्या. कारण सोपं होतं, वाजवायला काही लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे ज्या दशकात तिकडे तालवाद्य शब्द-सुरांच्या मागून पुढे येत होतं, त्याच दशकात इकडे मोझरीला एक माणूस तालवाद्याला शब्दाच्या अगदी पाठीशी उभं करत होता. दोघांनीही वाद्य मागच्या रांगेतून उचललं, पण दिशा उलट्या. काकाजींना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "भोंगे कायले वाजवते थो?"

त्या खंजेरीत काय ताकद होती हे १९४२ मध्ये सरकारला कळलं. १६ ऑगस्टला नागपंचमीच्या दिवशी चिमूर आणि आष्टी पेटले. त्याआधी महाराजांची भजनं त्या भागात होत होती, आणि त्यातल्या ओळी मोर्चातल्या लोकांच्या तोंडी होत्या. २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपूरला अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, डिसेंबरात सोडलं. यावली गावाचं नावच पुढे 'यावली शहीद' झालं. आता विचार करा, नुसत्या ठेक्याने हे झालं असतं का? नाही. नुसत्या शब्दांनी? मला वाटतं, तेही नाही. भाषण पाठ होत नाही, भजन होतं. आणि ते पाठ होतं ठेक्यामुळे.

१९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले तिथेही खंजेरी बरोबर होतीच. तिथल्या श्रोत्यांना मराठी-हिंदीचा एक शब्द कळत नसणार. त्यांच्यापुरतं ते संगीत बिनशब्दांचंच होतं की! हा मुद्दा मी काकाजींपुढे मांडला. त्यांनी एक मिनिट विचार केला आणि म्हणाले, "त्याहीले कयत नव्हतं, पण महाराजाले त कयत होतं ना." यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. आमच्या अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं. एक विद्यापीठ खंजेरीवाल्याचं आणि एक झाडूवाल्याचं, दोघेही पदवी सोडा, शाळेतही धड न गेलेले. विदर्भाला हा विनोद मुद्दाम करावासा वाटला नसावा, पण झाला खरा.

महाराजांनंतर खंजेरीचं काय झालं? ती मंडळांच्या हाती राहिली. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं, सकाळचं ध्यान, संध्याकाळची प्रार्थना, आणि हिवाळ्यात खंजेरी भजन स्पर्धा. ज्यांनी या स्पर्धा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आठ-दहा जणांची रांग, सगळ्यांच्या अंगात सारखे कपडे, प्रत्येकाच्या हातात खंजेरी, मागे पेटी आणि तबला नाहीतर ढोलक. गायक मध्ये. धृपद आलं की सगळ्या खंजेऱ्या एकदम डोक्यावर जातात, एकदम खाली येतात, गुडघ्यावर, खांद्यावर, वळसा घेऊन पाठीमागे. रात्रभर चालतं. परीक्षकांपुढे गुणांचे कागद असतात आणि निकाल लागल्यावर रुसवेफुगवेही. अलीकडे महिला मंडळंही धडाक्यात उतरतात. लहानपणी खंजेरी फक्त शेकणाऱ्या मला हे बघताना जे वाटतं ते लिहीत नाही, तुम्हीच समजून घ्या.

या स्पर्धांनीच, माझ्या मते, नव्या रचना करवून घेतल्या. कुणी कागदावर करार केला नाही. पण शेजारच्या गावाने गेल्या वर्षी तिहाई घेतली तर आपण या वर्षी चक्रदार घ्यायची, त्यांनी सहा खंजेऱ्या फिरवल्या तर आपण दहा, या ईर्षेपोटी दोन भजनांच्या मधले तुकडे वाढत गेले. बाबांच्या मंडळाचा एक तुकडा होता, सोळा मात्रांचा, शेवटी नुसत्या चकत्यांचा सळसळाट. तो कुणी बांधला ते मंडळात कुणालाच सांगता येत नाही. सगळ्यांनी मिळून बांधला असणार.

आणि मग अकोटचे सत्यपाल महाराज. अकोला जिल्ह्यातला हा माणूस सात खंजेऱ्या घेऊन बसतो, लहानमोठ्या, वेगवेगळ्या आवाजांच्या. सप्तखंजेरीवादक ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली आहे. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते एका गणेशोत्सवात, कॉलेजात असताना. कीर्तन ऐकायचं म्हणून मैत्रिणीने ओढत नेलं होतं. तास-दीड तास पोट धरून हसलो. हुंडा, दारू, बुवाबाजी, पोराच्या लग्नासाठी शेत विकणारा बाप, सगळ्यांची अस्सल वऱ्हाडीत धुलाई. मध्येच ते थांबले आणि दोन-तीन मिनिटं नुसती खंजेरी वाजवली. एका खंजेरीवर बोल, दुसरीवर त्याला उत्तर, आवाज असे की डोळे मिटले तर ढोलकी आहे की तबला, ओळखू येऊ नये. हसणारे लोक गप्प झाले. मग त्यांनी शेवटची थाप मारली आणि त्याच दमात पुढचा टोमणा. लोक पुन्हा हसले.

त्या दोन-तीन मिनिटांना शब्द नव्हते, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

सप्तखंजेरी ही वऱ्हाडने घडवलेली खरीखुरी नवी गोष्ट आहे. एका साध्या, एकाच आवाजाच्या समजल्या जाणाऱ्या वाद्याचं सात आवाजांचं वाद्य झालं. आज त्यांच्या मागोमाग नावात 'पाल' लावणाऱ्या शिष्यांची पिढी सात-सात खंजेऱ्या घेऊन गावोगाव फिरते. आणि या खंजेरीलाही बोलण्याची किंमत मोजावी लागलीच. मे २०१७ मध्ये मुंबईत नायगावला कार्यक्रमानंतर सत्यपाल महाराजांवर चाकूहल्ला झाला. वाचले, आणि बरे होऊन पुन्हा कार्यक्रमाला उभे राहिले. नुसता ठेका वाजवणाऱ्यावर कुणी चाकू घेऊन येत नाही. हा काकाजींच्या बाजूचा आणखी एक पुरावा.

इकडे मोठ्या शहरातही आता तालवाद्यासाठी रचना करवून घेतात. मुंबईच्या एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी 'पेशकार' लिहून घेतली, ती २०१५ मध्ये पहिल्यांदा वाजली. साथीला बसणारा तबला सत्तर-ऐंशी जणांच्या वाद्यवृंदापुढे बसला. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले, तेव्हा माझा पुतण्या दोन दिवस फोन उचलत नव्हता. त्याच्या डोक्यात नऊ खंजेऱ्यांचं खूळ कुठून आलं हे सांगायला नको.

तर आता गावाकडे परत येऊ.

अकरा हजारांवरून घरात जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातली अर्धी मंडळी हे वाचतात. एका बाजूचं म्हणणं, घरच्या पोराने घरच्या कार्यात वाजवायचे पैसे घ्यायचे? आणि भजनाचे? मंडळातल्या लोकांनी उभ्या आयुष्यात चहा आणि एसटीच्या तिकिटापलीकडे काही घेतलं नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तो भजन नाही करत, रचना करतोय, आठ दिवसांची शिकवणी बुडवून. मी दुसऱ्या बाजूला होते. पण पहिल्या बाजूत जो अभिमान होता तो मला कळत होता. ज्या भागात वाजवणं म्हणजे एकतर वेठ नाहीतर चैन होती, तिथे या लोकांनी ते स्वतःहून, फुकट आणि ताठ मानेने केलं होतं. पैसे आले की आपण पुन्हा वाजंत्री होऊ, ही भीती कुणी बोललं नाही, पण खोलीत होती.

पुतण्या बिचारा अंगणात बसून खडूने फरशीवर मात्रा लिहीत होता.

पहिले दोन दिवस वाईट गेले. तो बोल म्हणायचा, म्हातारे मान हलवायचे आणि आपल्या सवयीचा केरवा वाजवायचे. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी सुटण्याचा भाग घेतला. हळू सुरुवात, मग वेग, मग दुगण. काकाजींनी खंजेरी खाली ठेवली.

"लेका, शकुंतला एवढ्या जोरात कदी पयाली?"

आणि मग तो बांध फुटला. एक म्हणे, बनोशाहून निघताना ती दोन झटके द्यायची, तिसऱ्याला हलायची. दुसरा म्हणे, वळणावर उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढता यायचं, तेवढा वेळ त्यात पाहिजे. कोळशाच्या इंजिनाचा आवाज वेगळा आणि नंतरच्या डिझेलचा वेगळा, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, तर वाफेचंच वाजवायचं. रुळांचे सांधे कसे वाजायचे यावर तर तासभर वाद. नॅरोगेज गाडी, डबे मोजके, ठेका मोठ्या गाडीसारखा चार-चारचा नव्हेच, मध्ये एक लंगडी मात्रा. काकाजींनी ती लंगडी मात्रा बोटाने मांडीवर वाजवून दाखवली. पुतण्याने फरशीवरचं सगळं पुसलं आणि सातचा ठेका लिहिला. मला ताल फारसा कळत नाही, पण त्याचा चेहरा मला कळला.

काकाजींचा उजवा हात दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर थोडा थरथरतो. सरळ ठेक्यात ते लपत नाही. पुतण्याने त्यांना वाफेचं काम दिलं, म्हणजे थाप नाहीच, नुसती खंजेरी धरून चकत्यांची सळसळ. थरथर त्यात अशी मिसळून गेली की ती मुद्दामच वाटावी. हे त्याने ठरवून केलं की सहज झालं, मी विचारलं नाही.

वर्षश्राद्धाच्या रात्री आधी दोन तास भजन झालं. मग नऊजण उठले, त्यात दोन महिला मंडळाच्या. अकरा मिनिटांची रचना. मध्ये एक जागा होती, सोळा मात्रा सगळ्यांनी थांबायचं, गाडी स्टेशनात उभी. तालमीत ही जागा कधीच जमली नव्हती, कुणीतरी वाजवायचंच. गुरुकुंजात पुण्यतिथीला चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी हजारो लोक मौन पाळतात, ते पाळणारी ही माणसं, पण हातात खंजेरी असताना थांबायचं त्यांना माहीतच नव्हतं. त्या रात्री थांबले. दूर कुठेतरी मोटारपंप चालू होता तेवढा ऐकू येत होता. समोर सतरंजीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, "बनोसा आलं काय गा?" सगळे हसले आणि गाडी सुटली.

बिदागीचं असं झालं की पाकिटात आम्ही ठरल्याप्रमाणे अकरा हजार घातले होते. पुतण्याने उघडलं तर बारा हजार एक निघाले. वरचे कुणी घातले ते उघड होतं, नोटांना तंबाखूचा वास येत होता. बाबांची खंजेरी मात्र त्याने मागितली तरी त्याला दिली नाही. ती मंडळाची, असं काकाजींनी सांगून टाकलं. सध्या ती महिला मंडळातल्या एकीकडे आहे.

मी अमरावतीला परतले आणि चौथ्या दिवशी काकाजींचा फोन. मंडळाला ही शकुंतला स्पर्धेत न्यायची आहे. अडचण एकच, स्पर्धा भजनाची, नुसत्या वाजवण्याला गुण नाहीत. तेव्हा दोन कडवी तरी पाहिजेत. "तू लिहित असतं ना त्या कम्प्युटरवर, त लिहून दे. शेवटी थांबते तितं टाकजो."

म्हणजे नेमक्या त्या सोळा मात्रांत.

मी हो म्हणून बसले आहे. पंधरा दिवस झाले. पुतण्याला अजून सांगितलेलं नाही, आणि तो हे वाचतो.